पाटीवर आईच्या नावाखाली काय लिहायचं?

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची आहे. नाशिकला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ती गेली ३१ वर्षं ब्लाउज शिवते. आधी गल्लीतल्या बायकांचे शिवायची, मग लग्नाचे येऊ लागले. आता पैठणीवरचे ब्लाउज आणि शिवलेली नऊवारी यांसाठी पुण्याहून नवऱ्या येतात, न्यू जर्सीहूनही मापं येतात. यंदा आम्ही तिच्यासाठी गाळा घेतला. पाटी आणि कार्डं करायची आहेत आणि घरात महिनाभर वाद चाललाय. भाऊ म्हणतो, 'फॅशन डिझायनर' लिहू. मी थोडं फ्रेंच शिकले आहे, मला 'कुत्युरिए' हा शब्द आवडतो, पण तो कळणार कुणाला? मामा 'वस्त्रशिल्पी' सुचवतो. आजी म्हणते, सरळ शिंपीण लिहा; पण आम्ही त्या समाजातले नाही, मग ते योग्य होईल का? आई म्हणते, "टेलर लिहा आणि मोकळे व्हा." असं म्हणताना तिचा चेहरा मात्र उतरतो. तिच्या कामाला शोभेल असा शब्द मराठीत आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला आधी तुम्हालाच एक विचारावंसं वाटलं. तुम्ही लिहिलंय, आई ब्लाउज 'शिवते'. कापड कोण बेततं?

उत्तर मला माहीत आहे. ३१ वर्षं एकटीनं घरात काम करणारी बाई माप स्वतः घेते, स्वतः बेतते, स्वतः कापते आणि मग मशीनवर बसते. पण बघणाऱ्याला दिसतं ते मशीन. आवाज मशीनचा येतो. जमिनीवर चादर अंथरून, गुडघ्यांवर बसून, खडू हातात धरून ती कापडाकडे नुसती बघत असते, तेव्हा घरातल्यांना वाटतं की अजून काम सुरू झालेलं नाही. खरं तर सगळ्यात अवघड काम तेव्हाच चाललेलं असतं.

पैठणीबरोबर येणारा ब्लाउजपीस जेमतेम मीटरभराचा, कधी तेवढाही नाही. त्यातून पुढचे दोन भाग, पाठ, दोन बाह्या, पट्ट्या निघायच्या. काठ बाहीला आला पाहिजे आणि दोन्ही बाह्यांना एकाच उंचीवर आला पाहिजे. अंगभर बुट्टी असेल तर डावी-उजवी बुट्टी समोरासमोर बसली पाहिजे. मोर असेल तर त्याची मान खाली जाता कामा नये. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, खोल गेला की हात वर करताना सगळा ब्लाउज उचलला जातो, उथळ राहिला की काखेत रुततो. टक्स, म्हणजे अंगाच्या आकारासाठी घातलेले चिमटे, अर्धा इंच चुकले तर महागडं रेशीमही उसनं आणल्यासारखं दिसतं. शिवाय आत माया सोडायची, कारण नवरीचं अंग लग्नापर्यंत बदलतं आणि पुढच्या पाच वर्षांत तर बदलतंच. शिवणीच्या आत जपून ठेवलेल्या त्या जादा कापडाला आपल्या भाषेनं 'माया' म्हणावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आणि हे सगळं एकदाच करता येतं. चुकलेली टीप उसवता येते. चुकलेली कात्री उसवता येत नाही.

या कामाला मराठीत क्रियापद आहे : बेतणे. कापड मापाप्रमाणे आखून कापणे म्हणजे बेतणे. मनात योजना ठरवली की 'बेत केला' म्हणतो, तोही याच घरातला शब्द. दोन्ही अर्थ तुमच्या आईच्या हातात एकत्र येतात, कारण तिचा बेत तिच्या कात्रीतून उतरतो. सरकारी आणि खाजगी वर्गांची जुनी नावंही आठवून पाहा. 'शिवण व कर्तन' असं जोडनाव असायचं. शिवण वेगळं आणि कर्तन वेगळं, हे ते वर्ग सुरू करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. बोलताना आपण अर्धंच म्हणतो आणि उरलेलं अर्धं, जे जास्त अवघड आहे, ते गिळून टाकतो.

आता तुमच्या घरातल्या एकेका शब्दाकडे येते.

आजीपासून सुरू करू, कारण तिच्या शब्दाला सगळ्यात मोठं वय आहे. 'शिंपी' या शब्दाचं मूळ संस्कृतातल्या 'शिल्पिन्'मध्ये सांगतात. शिल्पी म्हणजे कारागीर, हातानं घडवणारा. म्हणजे मामाचा 'वस्त्रशिल्पी' आणि आजीची 'शिंपीण' हे एकाच घराण्यातले शब्द निघाले. एकानं संस्कृतचा शालू नेसलाय, एक घरच्या लुगड्यात आहे. शिवाय हा नामदेवांच्या घराचा शब्द. शिंप्याच्या कुळात जन्मल्याचं ते स्वतः सांगतात. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची जी पदं आहेत, त्यांतल्या एका पदात मनाला गज, म्हणजे कापड मोजायची पट्टी, आणि जिभेला कात्री करून ते यमाचा फास कापत बसतात. ज्या धंद्याची हत्यारं देवाच्या नावापर्यंत पोचली, त्या धंद्याचं नाव पाटीवर लिहायला कमीपणा वाटायचं काहीच कारण नाही. आजी हेच सांगत असावी, आणि तिचं खरं आहे.

तरीही मी 'शिंपीण' लिहू नका असं म्हणेन. तुम्ही काढलेली शंका बरोबर आहे. शिंपी हा धंदा आहे तसा समाजही आहे, आणि दुसऱ्या समाजाचं नाव आपल्या दुकानावर लावण्यात एक अवघडलेपण राहतंच. मला त्याहून मोठी अडचण वाटते ती व्याकरणाची. मराठीत शिंपीण, सुतारीण, कुंभारीण म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या अर्थ निघत आला तो 'शिंप्याची बायको', 'सुताराची बायको' असा. डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांच्या सौभाग्यवती, त्यांनी कधी नाडी बघितलेली नसली तरी. हातात कात्री घेतलेल्या बाईला या शब्दानं हाक मारली की ती कुणाच्या तरी घरातली म्हणून ओळखली जाते. तुमच्या आईनं ३१ वर्षं जे मिळवलं ते तिनं एकटीनं मिळवलं. तिचं नाव दुसऱ्या कुणाच्या धंद्याला टेकून उभं राहायला नको.

मामाचा शब्द सुंदर आहे, पण त्याला एका परीक्षेत बसवून बघा. एखादी बाई खणाची पिशवी घेऊन चौकात उतरते आणि पानवाल्याला विचारते. ती काय विचारेल? "इथे वस्त्रशिल्पी कुठे बसतात?" असं कुणीही विचारणार नाही. ज्या शब्दानं पत्ता विचारता येत नाही, तो पाटीवर लावून उपयोग नाही.

भावाचा 'फॅशन डिझायनर' मला पटत नाही, आणि त्याचं कारण त्याला नीट सांगा, नाहीतर त्याला वाटेल आपण आईला लहान ठरवतोय. डिझायनर कल्पना करतो, रेखाटतो, कापड आणि रंग निवडतो. मोठ्या कारखान्यांतून पुढचं सगळं दुसरे करतात. ते शिक्षण वेगळं, ते कौशल्यही खरं. कोल्हापूरच्या भानू अथैया मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकल्या, मासिकासाठी फॅशनची रेखाटनं केली आणि पुढे 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं. त्यांच्यासाठी वेशभूषाकार हा शब्द चपखल आहे, कारण पात्राला काय घालायचं ते त्यांनी ठरवलं. तुमच्या आईकडे नवरी येते ती स्वतःचं कापड आणि स्वतःची हौस घेऊन. आई ती हौस त्या अंगावर बसवते. याला डिझायनर म्हणालात तर आईच्या हातात जे आहे ते झाकलं जातं आणि जे नाही ते पुढे येतं.

आता तुमचा फ्रेंच शब्द. त्यावर थोडं थांबते, कारण त्याच्या पोटात तुमच्या प्रश्नाची सगळी कथा आहे.

फ्रेंचमध्ये 'कुद्र' म्हणजे शिवणे, 'कुत्युर' म्हणजे शिवण. इतका साधा शब्द. पॅरिसमध्ये १६७५ पर्यंत कपडे शिवायचा अधिकृत हक्क शिंप्यांच्या संघाकडे होता आणि तो संघ पुरुषांचा. बायका शिवत होत्याच, पण चोरून, आणि सापडल्या की कापड जप्त व्हायचं. त्या वर्षी चौदाव्या लुईनं शिवणाऱ्या बायकांच्या स्वतंत्र संघाला मान्यता दिली. बायकांचे आणि लहान मुलांचे कपडे त्या उजळ माथ्यानं शिवू लागल्या. दरबारी पोशाखाची ताठ चोळी मात्र पुरुष शिंप्यांकडेच ठेवली गेली. या बायका म्हणजे 'कुत्युरिएर'. जवळपास दोनशे वर्षं पॅरिसच्या बायकांचे कपडे त्यांच्या हातून गेले.

मग चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाचा एक इंग्रज आला. १८५८ मध्ये त्यानं रू द ला पे या रस्त्यावर भागीदारीत दुकान काढलं. गिऱ्हाइकानं सांगायचं आणि आपण शिवायचं, ही रीत त्यानं उलटी केली. तो आधी नमुने तयार करायचा, बायकांच्या अंगावर घालून दाखवायचा, मग गिऱ्हाईक निवडायचं आणि त्याच्या मापानं तो कपडा नव्यानं शिवला जायचा. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी त्याची गिऱ्हाईक होती. कपड्याच्या आत स्वतःच्या नावाची पट्टी तो शिवायचा. हे लक्षात ठेवा, शेवटी मी पुन्हा त्याकडे येणार आहे. या माणसापासून 'कुत्युरिए' हा पुल्लिंगी शब्द चढत गेला आणि मोठ्या कलावंताचा झाला. बायकांचा 'कुत्युरिएर' होता तिथेच राहिला. आजही फ्रेंचमध्ये पुल्लिंगी शब्द म्हटला की डोळ्यांपुढे मोठं फॅशनचं घर येतं आणि स्त्रीलिंगी म्हटला की कोपऱ्यावरची शिवणारी बाई. त्या मोठ्या घरांच्या वर्कशॉपमध्ये बसून प्रत्यक्ष टाके घालणाऱ्या बायकांना तर 'छोटे हात' म्हणतात.

आपल्याकडे वेगळं काय आहे? कापणारा पुरुष असला की तो 'मास्टर'. कटिंग मास्टरला दुकानात मान असतो, त्याच्या हाताखाली कारीगर असतात. तेच काम बाईनं केलं की ती 'ब्लाउजवाल्या काकू'. पुरुषाला कसबाचं नाव, बाईला नात्याचं. काकू म्हणण्यात प्रेम असतं, मी ते नाकारत नाही. पण काकूला शिलाई कमी दिली तरी चालते, लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना दुपारी जेवणाच्या वेळी दार वाजवलं तरी चालतं, कारण ती काकू.

ही गोष्ट मी बाहेरून सांगत नाही. माझी आत्या साताऱ्यात ४० वर्षं शिवत होती. तिच्या खोलीत खिळ्याला खाकी कागदाचे नमुने टांगलेले असायचे, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव आणि साल. बाई बाळंतपणानंतर आली की आत्या जुना नमुना काढायची, त्यावरच पेन्सिलीनं नवी रेघ मारायची. एकेका नमुन्यावर पाच-पाच रेघा असत. त्या पैशांवर तिनं दोन मुलांचं शिक्षण केलं. ती गेली तेव्हा चार शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी लिहिलं, 'त्यांना शिवणकामाची आवड होती.' आवड! चाळीस वर्षांच्या धंद्याला मी आवड म्हटलं, आणि ते छापून आलं. तेव्हा कुणालाच ते खटकलं नाही, मलाही नाही. कितीतरी वर्षांनी ते नमुने हाती आले तेव्हा कळलं की मी काय लिहून बसले होते. म्हणून तुमचं पत्र आल्या दिवशीच मी उत्तर लिहायला घेतलं.

तर 'कुत्युरिए' नको. तो कळणार नाही हे एक कारण. दुसरं असं की त्याच्या मोठ्या भावंडाला, म्हणजे मापानं शिवलेल्या उंची फॅशनच्या 'ओत कुत्युर' या नावाला, फ्रान्समध्ये १९४५ पासून कायद्याचं संरक्षण आहे. ठरलेल्या अटी पाळणाऱ्या घरांनाच ते लावता येतं. आईची पाटी स्वतःच्या पायावर उभी असू द्या.

आणि आता आईचा शब्द. 'टेलर लिहा आणि मोकळे व्हा.'

हा शब्द तुम्ही सगळ्यांनी सगळ्यात हलका धरलात. त्याचं मूळ बघा. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधल्या 'तायर'वरून आला, आणि तो ज्या क्रियापदावरून झाला त्याचा अर्थ शिवणे असा नाही. त्याचा अर्थ कापणे. टेलर म्हणजे मुळात बेतणारा. घरात सुचलेल्या सगळ्या शब्दांमध्ये आईच्या खऱ्या कामावर नेमकं बोट ठेवणारा शब्द आईनं स्वतः दिला होता. शिवाय तो मराठीत शंभरावर वर्षं मुरलेला आहे, त्याला जात चिकटलेली नाही, आणि 'ती टेलर आहे' म्हणताना त्याला वेगळी शेपटी लावावी लागत नाही. चौकातल्या पानवाल्याला तो कळतो. फोनवर शोधणारीलाही तोच सुचतो.

फक्त त्याच्याआधी 'लेडीज' लावू नका. लेडीज टेलर म्हणजे बायकांचे कपडे शिवणारा, आणि बहुतेक पाट्यांवर तो पुरुषच असतो.

मग चेहरा का उतरतो? माझा अंदाज सांगते, चुकलाही असेल. तिला शब्द कमी वाटत नसावा. 'मोकळे व्हा' हे जे ती म्हणते, त्यात दुखणं आहे. महिनाभर तिच्या कामाला काय म्हणायचं यावर घरातले सगळे बोलले, आणि ते काम नेमकं काय असतं हे तिला कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असेल तर माझी क्षमा असावी. नसेल तर एकदा तिच्याशेजारी बसा. एका ब्लाउजपीसमध्ये ती आधी काय बघते, पहिली कात्री कुठे लावते, कुठलं कापड तिला भीती घालतं, हे विचारा. न्यू जर्सीच्या मुलीचं माप ती कसं घेते ते विचारा. मला वाटतं ती मापाचा जुना ब्लाउज मागवत असेल आणि तो उलटा करून शिवणींवरून त्या मुलीचे खांदे वाचत असेल.

पाटीचं मी असं करेन. आपल्या जुन्या मराठी पाट्यांची एक रीत आहे. 'येथे छत्र्या दुरुस्त करून मिळतील', 'येथे फॉल-पिको करून मिळेल'. त्या माणसाला विशेषण लावत बसत नाहीत, काम सांगतात. ती रीत फार सभ्य आहे आणि तुमच्या अडचणीवर तीच उतारा आहे. वर मोठ्या अक्षरांत आईचं पूर्ण नाव, आडनावासकट. ताई नाही, काकू नाही, 'क्रिएशन्स' नाही. त्याखाली 'टेलर'. आणि त्याखाली एक ओळ : 'ब्लाउज, नऊवारी व लग्नाचे कपडे माप घेऊन, बेतून, शिवून मिळतील.' 'बेतून' हा शब्द काढू देऊ नका. रंगारी म्हणेल ओळ लांब होते. अक्षरं बारीक करायला सांगा. पुढे हाताखाली मुली ठेवाल तेव्हा त्यांनी तिला 'मास्टर' म्हणायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवावं. मला तरी ते ऐकायला आवडेल.

परदेशच्या कार्डावर 'बिस्पोक टेलर' लिहा. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीतला हा शब्द. ज्या कापडावर एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव बोलून ठेवलेलं आहे ते बिस्पोक, म्हणजे एका माणसासाठी त्याच्याच मापाचा नमुना काढून कापलेलं. आई नेमकं हेच करते, त्यामुळे यात फुगवून सांगितलेलं काही नाही. त्या गल्लीत माप घेणारा आणि कापणारा 'कटर' वेगळा असतो आणि त्याचा मान मोठा. तिथे पहिली स्त्री मुख्य कटर व्हायला २००९ साल उजाडलं. कॅथरिन सार्जंट तिचं नाव. तुमच्या आईनं नाशिकच्या पुढच्या खोलीत हेच काम त्याच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं.

आता वर्थची पट्टी. पाटीपेक्षा मला तिचं महत्त्व जास्त वाटतं. पाटी रस्त्यावरच्यांना दिसते, ब्लाउज जातो न्यू जर्सीला. आईच्या नावाच्या विणलेल्या छोट्या पट्ट्या करून घ्या, थोड्या संख्येतही करून मिळतात. नुसतं नाव आणि 'नाशिक'. मागच्या गळ्याच्या आत, अस्तराला, चारही बाजूंनी हातटाक्यानं लावायची. हुकांच्या जवळ नको, तिथे टोचते. वीस वर्षांनी कुणाची तरी मुलगी आईचा ब्लाउज बाहेर काढेल, आत सोडलेली माया उसवून स्वतःच्या मापाचा करून घेईल, तेव्हा तो कुणी बेतला होता हे तिला वाचता येईल.

आईशी बोलायला मात्र वेळ बघून बसा. कापड मांडलेलं असताना नको, त्या वेळी तिचं लक्ष तिथून हललेलं त्या कापडाला परवडणार नाही. हूक लावायला बसली की विचारा.